थंड इंजिनाचा धूर

जयराम गेला तेव्हा उज्वला रडली नाही, आणि नंतरही तिला रडू आलं नाही. पोरीचं काळीज दगडाचं आहे, असं भावकीत बोललं गेलं. तेही तिला लागलं नाही.

जयराम तिचा धाकटा भाऊ. दिंडोरीजवळ द्राक्षांच्या पॅकहाऊसवर कामाला होता. वीज गेली, बाहेर वादळी वारा सुटलेला, म्हणून त्याने जनरेटर आतच चालू केला, शटर ओढलं आणि क्रेटला टेकून बसला. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. सकाळी कुसाबाई झाडायला आली, तेव्हा तो झोपल्यासारखाच दिसत होता.

उज्वलाचं काम नेमकं त्याच वायूचं. अंबडच्या एका लहान प्रयोगशाळेत ती पॅलेडियम आणि प्लॅटिनम या धातूंचे मिश्र कण बनवायची, केसाहून हजारो पटींनी बारीक. धूर त्यांच्यावरून गेला की विषारी वायूचं रूप पालटायचं. अडचण एकच होती: इंजिन थंड असताना हे कण झोपून राहायचे, आणि सुरुवातीचा सगळा धूर तसाच बाहेर पडायचा.

ती कामावर परतली आणि काही आठवड्यांनी नवा नमुना थंड इंजिनावर लावला. इंजिन धडधडलं. मीटरवरचा विषारी वायूचा आकडा चढला, थबकला आणि सरसर उतरला.

"जमलं!" प्रयोगशाळेचे प्रमुख कुलथे सर ओरडले. "उज्वला, अगं, हस की जरा!"

"हो सर. चांगलं आलंय."

कोणीतरी पेढे आणले. तिने एक तोंडात टाकला. गोड होता, एवढं कळलं. त्या दिवशी हे तिथं असतं तर, हा विचारही तिने मुद्दाम करून पाहिला. तो आला तसा निघून गेला.

बातमी दिंडोरीपर्यंत पोचली. पॅकहाऊसचे मालक गोटीराम यांचा फोन आला.

"ताई, तुमचं ते यंत्र आमच्या जनरेटरला बसवून द्या. म्हंजे आत ठिवला तरी घोर नाय."

"जनरेटर अजून आतच आहे?"

"बाहेर चोरीचं भ्या हाय ना."

दुसऱ्या दिवशी ती एसटीने तिथं गेली. गोटीराम चहा सांगायला वळले, तर ती सरळ जनरेटर ठेवलेल्या त्या खोलीत शिरली.

"काका, हे बसवलं तरी बंद खोलीत इंजिन चालवायचं नाही. आतली हवा तेच खातं, माणसाला काय उरणार? आधी बाहेर काढा."

"बघू, माणसं आली की..."

तिने जनरेटरचा दांडा धरला आणि ओढायला लागली. चाक अडलं. तेवढ्यात कुसाबाईने झाडू टाकला आणि मागून जोर लावला. मग गोटीरामही आले. तिघांनी मिळून जनरेटर अंगणाच्या पार कडेला नेला. गोटीरामांनी तिच्यासमोरच वेल्डरला फोन करून कुलूपबंद जाळीचा पिंजरा सांगितला.

कुसाबाई मात्र मटकन खाली बसली. "मी त्याला हाका मारीत होते गं. लय गाढ झोपला म्हनून रागावले बी." ती हुंदके देऊ लागली. उज्वला तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, बराच वेळ, कोरड्या डोळ्यांनी.

परतीच्या बसमध्ये तिकीट देता देता कंडक्टर थांबला. "ताई, हातातून रक्त येतंय तुमच्या."

तिने तळवा उघडून पाहिला. कातडी सोलली होती.

"हो," ती म्हणाली, आणि रुमाल शोधू लागली.