मियोकोबाईंचं जंक्शन

अजिंठा पाहून आलेल्या जपानी पाहुणीला मनमाडच्या गाडीत बसवून दिलं की पद्मजाचं काम संपणार होतं. पुण्यात जपानी शिकून ती औरंगाबादेत गाईड झाली, त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. साल चौऱ्याऐंशी. पाहुणी पंचावन्नच्या आसपासची, मियोकोबाई.

औरंगाबादच्या फलाटावर गाडी दिसायच्या आधीच इंजिनानं तुटक शिट्ट्या दिल्या. रुळावर म्हैस आली असावी. मियोकोबाईंनी पद्मजाचं मनगट धरलं, तिला बाकाखाली ओढलं आणि स्वतः तिच्या अंगावर पालथ्या पडल्या.

"डोळे झाक! कान झाक! तोंड उघडं ठेव!" त्या जपानीत ओरडत होत्या.

पद्मजाचा गाल फरशीवर दाबला गेला. श्वास घेता येईना. या बाईला वेड लागलं की काय? ही आपला जीव घेते का? बाकाखालून नुसते लोकांचे पाय दिसत होते. इंजिन जवळ आलं तशी फरशी हादरली, आणि पद्मजाही किंचाळली.

"सरका, सरका!" बाकावर गाठोडं घेऊन बसलेली पाचोडची सारजाबाई खाली वाकली. तिनं मियोकोबाईंच्या पाठीवर हात ठेवला. "उठ बाय. कुनी नाय इथं."

पाणी प्यायल्यावर मियोकोबाई बोलल्या. त्यांच्या गावचं स्टेशन आधी भातशेतीतला साधा थांबा होता. दुसरा फाटा निघाला, जंक्शन झालं, चहावाले आले. मग युद्ध. पुरुष सैन्यात गेले आणि सोळाव्या वर्षी मियोको तिकिटं तपासायला लागली. दोन्ही फाट्यांवरून लष्कराचं सामान जाई, म्हणून बॉम्ब टाकायला विमानं आली. इंजिनानं अशाच तुटक, इशाऱ्याच्या शिट्ट्या दिल्या. डोळे-कान झाकून, तोंड उघडं ठेवून पालथं पडायचं, असं शिकवलेलं होतं. तिनं सोबत तिकिटं तपासणाऱ्या मैत्रिणीला हाक मारली, पण ती गाडीतली पोरं उतरवायला पुढं धावली होती.

"ती सापडली नाही," मियोकोबाई म्हणाल्या. "स्टेशन पुन्हा बांधलं. आता एक फाटा बंद आहे."

"काय म्हनती?" सारजाबाईनं विचारलं. पद्मजानं सांगितलं.

"रझाकाराच्या वक्ताला आमी बी जवारीत असंच पडलो व्हतो. आवाज निघू नाय म्हनून लेकीचं तोंड दाबलं. दम कोंडला तिचा, थोडक्यात वाचली."

गाडी सुटायला आली. मियोकोबाई पायरीपर्यंत गेल्या आणि मागं फिरल्या.

"चला, मनमाडपर्यंत मी येते," पद्मजा म्हणाली आणि आधी स्वतः चढली.

दौलताबादजवळ शिट्टी वाजली. मियोकोबाईंनी डोळे मिटले. आपणच त्यांचा हात घट्ट धरलाय, हे पद्मजाच्या उशिरा लक्षात आलं. मनमाड येईपर्यंत तिनं तो सोडला नाही.