दर्यामहालातली रडणारी भिंत

दर्यामहालाच्या दिवाणखान्यात कोल्हापूरची अख्खी गल्ली श्वास रोखून उभी होती. सिंधुदुर्ग पाहून झाला, मालवणात मासे खाऊन झाले, आणि चौऱ्याहत्तर सालची ती सहल अखेर रडणारी भिंत बघायला आली होती.

"वांझेचा हात लागला की भिंत रडते!" राखणदार बाबा गरजला. "असली बाई घरात ठेवाल तर घर बुडेल!"

बायका एकेक करून हात लावत होत्या. भिंत ठणठणीत कोरडी. मग शालूबाईची पाळी आली. लग्नाला सहा वर्षं, मूल नाही. सासू धोंडुबाईनं हे मघाशीच चहाच्या टपरीवर बाबाला सांगून टाकलं होतं. भिंत रडली तर सुनेला परतीच्या वाटेवर गगनबावड्याला, माहेरी, कायमची उतरवायची असंही ती शालूच्या कानावर जाईल अशा आवाजात बोलून चुकली होती.

शालूबाईनं हात टेकवला. बाबानं घंटा वाजवली. भिंतीतून पाणी ओघळलं आणि बायकांनी किंकाळी फोडली.

शेजारीण चाँदबीचं मात्र टाळकं सरकलं. ती गवंड्याची बायको, वीस वर्षं चुना दळायच्या घाणीवर राबलेली. जुन्या घोटीव गिलाव्यात वीतभर तुकडा खरखरीत, नवा लिंपलेला, हे तिनं आल्याआल्या हेरलं होतं. आणि घंटा फक्त शालूच्याच वेळी का?

"शालू, हात काढ. समद्याजणी मागं सरा!"

तिनं बाबाच्या हातातली घंटा हिसकली आणि खणखणा वाजवली. भिंतीला कुणाचा हात नव्हता. पाणी पुन्हा ओघळलं.

"आता कोन वांझ हाय वो, बाबा? घंटा व्हय?"

"देवीचा कोप होईल!"

"हू दे की! माझ्यावर हुईल. तुमी कशाला घाम पुसताय?"

चाँदबीनं कनवटीचा अडकित्ता काढून तो तुकडा खरवडला. आत बोरूएवढी नळी निघाली. सहलीचे म्होरके गणपतराव पलीकडच्या खोलीकडे धावले, दार लाथेनं उघडलं. आत बाबाचा माणूस घागर घेऊन बसला होता; घंटा ऐकली की नळीत पाणी ओतायचं, एवढंच त्याचं काम. लोकहो, भिंत ओली दिसली तर पाणी कुठून येतं ते शोधा. बाईला कसले दोष देता?

धोंडुबाई खाली मान घालून म्हणाली, "चल गं, गाडी सुटंल."

शालूबाई जागची हलली नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा तिनं सासूच्या डोळ्यांत डोळे घातले.

"आत्या, भिताडाला इचारलंसा, आता डाक्टरला इचारू. मी येतो की दवाखान्यात. पर तुमचा ल्योक बी तपासून घील. आन् गगनबावड्याला मी उतरनार न्हाई."