कोपरा कापलेलं पान

"बाई, ते खोकं टाकू नगा!"

राहीबाई व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकावरून ओरडली आणि केरसुणी तिथंच टाकून धावत आली. हस्तव्यवसाय शिकवणाऱ्या मालनबाई वर्गाच्या दारात खोकं घेऊन उभ्या होत्या. प्रदर्शनातून उरलेला सगळा काला त्यात होता. घोटीव कागदाच्या चिंध्या, पतंगी कागदाच्या पट्ट्या, तळहाताएवढा सोनेरी कागद, खाकी पुठ्ठ्याची कातरणं.

"अहो, कचरा आहे तो. उंदीर होतील."

"उंदीर तरी कुठं ऱ्हायलेत औंदा? दाना न्हाई तिथं उंदीर काय चाटायचाय! द्या मला."

"काय करणार याचं?"

"झेंडू."

मालनबाई हसल्या, पण खोकं त्यांनी दिलं. उद्या घट बसायचे होते आणि अख्ख्या शेवगावात झेंडूचं फूल नव्हतं. बहात्तर सालच्या पावसानं तोंड दाखवलंच नव्हतं. शाळेच्या कुंपणालगत राहीबाईने लावलेली झेंडूची रोपं हातभर वाढली आणि उभ्या उभ्या वाळली. आपट्याची झाडं शेरडांनी आणि माणसांनी मिळून ओरबाडली होती. निम्म्या मुलींच्या आया खडी फोडायला जात होत्या. पण सण काही पावसाला विचारून येत नाही.

राहीबाई त्या मुलींच्या शाळेत शिपाई होती. घंटा द्यायची, पाणी भरायचं, वर्ग झाडायचे. पन्नाशीला टेकलेली, काटक बाई. तिचा पाय एका जागी ठरत नसे. घंटा देऊन झाली की माठ बघायची, माठ बघून झाला की फाटक. नुसतं बसली तर हाताला चाळा लागायचा आणि चाळा नसला की मनात एकच गोष्ट घोळायची. म्हणून ती बसतच नसे.

ती गोष्ट म्हणजे पुणतांब्याची तिची थोरली बहीण, दगडाबाई.

आईबाप गेल्यावर राहीबाईचं माहेर म्हणजे आक्काच. गोदावरीकाठचं घर, मळा, गडीमाणसं. चार वर्षांपूर्वी राहीबाईचा नवरा सहादेव वारला. पोटी मूल नव्हतं. आक्का गाडी घेऊन न्यायला आली होती. "चल. चुलीपुढं बस, दोन भाकरी जड न्हाईत आमाला," म्हणाली. राहीबाई म्हणाली, "आक्का, मला शाळंत नोकरी लागलीय." आक्काने विचारलं, कसली. राहीबाईने सांगितलं. बोळातल्या चार बाया ऐकत होत्या.

"केरसुनी मारायची? आपल्या घरच्या लेकीनं? दुसऱ्याची घंटा बडवायची?"

"बडवीन की. माझ्या हातानं मिळवून खाईन."

मग शब्दाला शब्द लागला. शेवटी आक्काने चाकात पाय ठेवून गाडीत चढता चढता म्हटलं होतं, "आता तुझ्या मढ्यालाच येईन. तवर हे दार मला मेलं."

आक्का बोलली म्हणजे दगडावरची रेघ. चार वर्षांत चार दिवाळ्या गेल्या. ना निरोप, ना चोळी, ना लुगडं.

खोकं घरी आल्यापासून राहीबाईचे हात सुटले. शाळेमागच्या बोळात तिची एक खोली होती. खोलीभर कागद झाले. पिवळा पतंगी कागद चुणून मधे दोऱ्याने आवळायचा, टोकं बोटांनी फुलवायची की झालं फूल. नारिंगी कमी होता म्हणून चार पिवळ्यांत एक नारिंगी. ज्वारीच्या पिठाची खळ शिजवली. शेजारच्या केशरबाईच्या घटावर रोज एक माळ चढायची, तीही राहीबाईच्या कागदाची.

"देवीला चालंल का गं कागद?" केशरबाई दबकत म्हणाली.

"तिला दिसत न्हाई व्हय रान? तिनंच वाळवलंय. चालवून घील."

शाळेत वाटायला तिने आपट्याची पानं केली. पानाची युक्ती तिचीच. कागद मधोमध दुमडायचा, दुमडीच्या वरच्या टोकाचा कोपरा कात्रीने तिरका उडवायचा, बाकीच्या कडा गोल करायच्या. उघडलं की दोन पाकळ्यांचं, मधे खाच असलेलं आपट्याचं पान. आत मुलींनी आपापल्या हाताने लिहायचं, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. मालनबाईंनी ते पान उलटसुलट करून पाहिलं.

"राहीबाई, हे तर भेटकार्ड झालं! शहरात दुकानात विकत घेतात असली."

"विकत? कागुद इकत घेऊन कुनी धाडतं?"

"धाडतात तर. लांबच्या माणसाला. पोस्टानं."

झालं. हे शब्द तिच्या कानात शिरले ते बाहेर निघेनात.

गेली दोन वर्षं मधल्या सुट्टीत मालनबाई तिला अक्षरं शिकवत होत्या. पाटीवर आधी, मग वहीवर. वाचायला अडखळायची, पण लिहायला यायचं. लिहायला येत होतं, पण लिहायचं कुणाला, हा प्रश्न होता. तिसऱ्या माळेच्या दिवशी शाळा सुटल्यावर ती खोलीत दार लोटून बसली. पिवळा कागद संपला होता. उरला होता खाकी पुठ्ठा, पोस्टाच्या कार्डासारख्याच रंगाचा. तिने तो दुमडला, दुमडीचा कोपरा उडवला. बाकीच्या कडा गोल करायला कात्री उचलली आणि थांबली. एवढा चांगला पुठ्ठा वाया कशाला घालवायचा? पत्त्याला जागा नको? ते कोपरे तिने तसेच ठेवले. सोनेरी कागदाचा तुकडा इतके दिवस जपला होता, तो आतून चिकटवला. त्याच्या खाली जीव एकवटून तीन ओळी लिहिल्या.

*आक्का, मी लिहायला शिकले.*
*हे माझ्या हातचं सोनं आहे.*
*तू ये.*

ओळी वाळेपर्यंत फुंकर घातली. खळीचा ठिपका लावून तिने कार्ड मिटवून टाकलं, की वाटेत कुणी वाचू नये. वर आक्काचा पत्ता, त्याखाली आपलं गाव लिहिलं, तिकीट लावलं. पोस्टमन छगन रोज शाळेत यायचा, त्याच्या हाती दिलं असतं तरी चाललं असतं. पण तिला ते स्वतःच्या हाताने लाल पेटीत टाकायचं होतं. टाकलं आणि लगेच पेटीत हात घालून परत काढावंसं वाटलं.

त्या दिवसापासून ती जास्तच सैरभैर झाली. एकदा तर दहा मिनिटं आधीच मधल्या सुट्टीची घंटा दिली. मुली डबे घेऊन बाहेर, शिक्षिका खडू घेऊन आत.

छगन दिसला की फाटकाशी जायची.

"छगनभाऊ, पुनतांब्याला कागुद किती दिसांत जातो?"

"दोन दिस, तीन दिस. का गं मावशी, कुनाला धाडलंस?"

"कुनाला न्हाई. इचारलं."

"उत्तराला इतकेच दिस लागत्यात बरं का," छगन सायकलवर टांग टाकत म्हणाला.

पाचवी माळ झाली, सहावी झाली. आज पोचलं असेल. आज आक्काने कुणाकडून तरी वाचून घेतलं असेल. वाचून चुलीत घातलं असेल. नाही, सोनेरी कागद आहे, एवढ्यात नाही घालायची. मनातल्या मनात तिने आक्काला शंभर वेळा हसवलं आणि शंभर वेळा तोंड फिरवायला लावलं. आठवी, नववी माळही गेली. छगन रोज मान हलवून पुढे जात राहिला.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी शाळेत पाटीपूजन उरकून राहीबाई घरी आली. उरलेल्या कागदी झेंडूंचं मोठं तोरण ओवलं आणि स्टुलावर चढून दाराला बांधू लागली. ऊन वर आलं होतं. एवढ्यात बोळाच्या तोंडाशी हंबरडा फुटला.

"राहे गंऽऽ! माझ्या पाठची गंऽऽ! मला टाकून कशी गेलीस गंऽऽ!"

राहीबाईच्या हातातलं तोरणाचं टोक सुटलं. तो आवाज तिने कुठेही ओळखला असता. बोळाच्या टोकाकडून दगडाबाई छाती बडवत येत होती. केस मोकळे, पदर मातीत लोळतोय. मागे तिचा मुलगा कानिफनाथ, डोक्याला पंचा, काखेत गाठोडं. दारोदारच्या बाया बाहेर आल्या.

दगडाबाईने मान वर केली. आधी तिला तोरण दिसलं.

"आरं देवा! मढ्याच्या दाराला तोरन बांधलंय ह्या लोकांनी!" आणि मग तिला स्टुलावरची बाई दिसली.

छाती बडवणारा हात वरच थांबला. राहीबाईच्या तोंडून एवढंच निघालं, "आक्का, कोन गेलं गं?"

"तू!" दगडाबाई म्हणाली आणि मटकन खाली बसली.

केशरबाईला हसू आवरेना. तिने पदर तोंडात कोंबला. दगडाबाईला आता राग चढला, आणि तिचा राग तिच्या रडण्यापेक्षा मोठा होता.

"कावळा शिवला हुता का गं तुला? सांग! कावळा शिवला, मरान टळावं म्हनून मेल्याची खोटी सांगी धाडलीस? काल पत्र आल्यापासून पोटात पान्याचा थेंब न्हाई माझ्या!"

"मी कशाला खोटी सांगी धाडू? मी तर सोनं धाडलं!"

"मावशे," कानिफनाथ अवघडून म्हणाला, "कार्डाचा कोपरा कापलेला हुता की."

राहीबाई स्टुलावरून उतरली. तिला समजायला घटकाभर वेळ लागला. कोपरा कापलेलं कार्ड म्हणजे मयताची सांगी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिला नव्हतं का ठाऊक? आई गेली तेव्हा असंच कार्ड आलं होतं तिच्या दारात. इतके दिवस पानं कातरताना तिच्या डोळ्यांपुढे फक्त आपटा होता. आपण कार्डाला कात्री लावतोय हे एकदाही मनात आलं नाही.

"आन् आत? आत काय लिव्हलंय ते वाचलं न्हाईस?"

"तसलं पत्र कुनी उंबऱ्याच्या आत घेतं का, मावशे? वरचं गाव वाचलं, शेवगाव. कोपरा बघितला. तिथंच लिंबाखाली उभ्यानं फाडलं." तो जरा थांबला. "फाडताना आत काईतरी चकाकलं. मला वाटलं ऊन हाय."

जन्मात एकदा लिहिलेल्या तीन ओळी पुणतांब्याच्या लिंबाखाली तुकडे होऊन पडल्या होत्या. राहीबाईने माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि आक्कापुढे धरलं.

"घे. मेलेल्या बाईच्या हातचं चालत असंल तर."

दगडाबाईने तांब्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. एका दमात तांब्या रिकामा केला. पदराने तोंड पुसत पुटपुटली, "आयुष्य वाढलं तुझं. खोटी सांगी आली की वाढतं."

भाकरी झाल्या, पातळ पिठलं झालं. तिघं जेवली. बोळात बातमी फिरली. ती ऐकून छगन आला आणि कपाळावर हात मारून म्हणाला, "मावशी, माझ्या हातात दिलं असतंस तर कोपरा बघूनच थांबवलं असतं की!"

"बरं झालं न्हाई दिलं," राहीबाई म्हणाली.

दुपार कलली. कानिफनाथ ओसरीला आडवा झाला. दगडाबाई भिंतीला टेकून खोलीभर नजर फिरवत होती. कागदाचे ढीग, कात्री, खुंटीला टांगलेली पाटी.

"काय लिव्हलं हुतंस?"

"काय न्हाई. सोनं घ्या, असंच."

"राहे, मी तुला काखंत घेऊन वाढवलंय. काय लिव्हलं हुतंस?"

राहीबाई हातातल्या चिंधीच्या चुण्या घालत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "ये, म्हनून लिव्हलं हुतं."

दगडाबाईने खुंटीवरची पाटी काढून मांडीवर घेतली.

"मग आले की," ती शेवटी म्हणाली. "शब्दाची पक्की हाय मी. मढ्याला येईन म्हनले हुते, आले."

सीमोल्लंघनाला बायापोरं बाहेर पडू लागली. शाळेतल्या मुली हाका मारत बोळातून गेल्या, "मावशी, चला ना!" राहीबाईने पानांची टोपली उचलली आणि तिची नजर कोपऱ्यातल्या गाठोड्यावर गेली.

"त्यात काय हाय?"

दगडाबाईने ते झटकन मागे ओढलं. "काय न्हाई. ऱ्हाऊ दे."

पण राहीबाईला ठाऊक होतं. बाई गेली की शेवटचं लुगडं माहेराने आणायचं असतं. तिने गाठ सोडली. आत लुगडं होतं, साधं, पांढऱ्या अंगाचं, बारीक करड्या काठाचं. कालच्या घाईत बाजारातून उचललेलं नव्हतं ते. घड्यांवर पिवळ्या रेघा पडल्या होत्या, पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वास येत होता. दोन-तीन दिवाळ्या तरी ते कुणाची तरी वाट बघत घडीत पडलं होतं.

राहीबाईने घडीवरून बोट फिरवलं.

"ठिव ते," दगडाबाई म्हणाली. "मढ्यासाठी आनलेलं. कानिफ नदीत सोडंल."

"नदीत कुठंय पानी?" राहीबाई म्हणाली आणि लुगडं घेऊन पडद्याआड गेली.

ती नेसून बाहेर आली तेव्हा दगडाबाईने कानशिलांवर बोटं मोडली. "अगं, काय हे अभद्र! लोक काय म्हनतील?"

"माहेरचं हाय," राहीबाई म्हणाली. "चार वरसांनी आलंय."

दारावरचं तोरण एका बाजूने लोंबत होतं. तिने ते खिळ्याला नीट अडकवलं, टोपली कडेवर घेतली आणि बोळात पाय टाकला. पुढे मुलींचा कलकलाट, धुळीत उतरतं ऊन. ती चालत होती, आज सावकाश. मागून आक्काचा हात तिच्या पाठीला लागला. पाठीवर आडवी पडलेली घडीची रेघ तो तळव्याने दाबून सरळ करत होता. एकदा. मग पुन्हा एकदा. रेघ काही जात नव्हती.

राहीबाईने मागे वळून पाहिलं नाही. पाठ तेवढी ताठ धरली.