वस्तादांचा घास

डॉक्टरीणबाईंनी तपासणीचे कागद टेबलावर पसरले आणि चष्म्यावरून पेशंटच्या मुलाकडे पाहिलं.

"तुमचं दुकान कसलं म्हणालात?"

"मटणाचं," मुलगा म्हणाला. बावन्न वर्षांचा बाप्या, पण वर्गात खोडी उघडकीला आल्यासारखा चेहरा झाला त्याचा.

"मग औषध तुमच्या घरातच आहे. यांच्या हृदयाच्या नळ्या चरबीनं भरत आल्यात. एक झटका येऊन गेला, दुसरा हे सोसतील असं मला वाटत नाही, आणि या वयात ऑपरेशनचं नाव नको. गोळ्या देते, पण दोन्ही वेळा ताटात मटण असेल तर गोळ्या तरी काय करतील? कमी करा. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त बघू."

शेजारच्या खुर्चीवर वस्ताद बसले होते. ते म्हणाले, "मटण कमी करून जगलेला माणूस मी पाहिला नाही."

"बाबा, तुम्ही आयुष्यभर गिऱ्हाइकंच पाहिलीत," मुलगा म्हणाला.

वस्ताद हे नाव बाजारानं दिलेलं, आणि फुकट दिलेलं नव्हतं. पहिला घास तोंडात गेला की हा माणूस सांगायचा, खांद्याचं की मांडीचं, आजचं की कालचं, सुरा कुणी चालवला. एका मोठ्या मेजवानीत खांद्याचं म्हणून मानेचं वाढलं, तर ताट तसंच ठेवून आचाऱ्याला चार लोकांत बोलावलं होतं यांनी. अशा माणसाला मुलानं पहिल्या दिवशी काय वाढावं? दुधीची भाजी! वस्तादांनी ताट सरकवलं. "मी आजारी आहे का?" असं विचारून ते दोन दिवस उपाशी राहिले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर सुंभही पुरता जळला नव्हता. तिसऱ्या दिवशी मुलानंच हात टेकले आणि मटण वाढलं.

आता कुणाला विचारायचं? मटण कमी कसं खावं हे मटणवाल्यानं गिऱ्हाइकांना विचारायचं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. पण बाप जाण्यापेक्षा धोंडा बरा. अर्धा किलोवरून पाव किलोवर आलेल्या शिक्षिकेला त्यानं मटण तोडायच्या ठोकळ्यावरूनच विचारलं, "बाई, बाकीचं दुसरीकडून घेता का हो?"

बाई हसल्या. "नाही हो. खिम्यात उकडलेली मसूर घालते, निम्मी निम्मी. पोरांना अजून पत्ता नाही. आणि यांचं रक्तदाब मोजायचं यंत्र धूळ खात पडलंय."

बसचा ड्रायव्हर म्हणाला, "एकदम सोडू नका, शेठ. मी सोडलं, आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट हाणलं. आता आठवड्याचे दोन वार ठरवलेत. बाकीचे दिवस घरात आणतच नाही, मग डोळ्यांपुढे नाही आणि जिभेलाही नाही. जिना चढताना धाप लागायची, ती गेली." कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंनी अळंबीची युक्ती सांगितली. बारीक चिरायची, पाणी आटेपर्यंत परतायची, कांदा चांगला लाल करायचा. मुलगा सुरा बाजूला ठेवून ऐकत राहिला आणि मागची रांग वैतागली.

मग घरात चोरटं काम सुरू झालं. मोठ्या तुकड्यांच्या जागी खिमा आला, कारण वस्तादांचे दात आता हलायला लागले होते आणि ते सबब म्हणून पुरलं. तीन वाटे खिम्यात एक वाटा मसूर आणि अळंबी. पहिल्या दिवशी मुलगा आणि त्याची बायको श्वास रोखून बसली. वस्तादांनी घास घेतला, चावला, गिळला.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

चौथ्या आठवड्यात निम्मं निम्मं झालं, सहाव्यात मटणाचा एकच वाटा उरला. वस्तादांच्या पायांची सूज उतरली. ते एका दमात जिना चढून वर आले आणि मुलालाच "धापा काय टाकतोस" म्हणाले. दोन महिन्यांनी रक्त तपासलं, आकडे खाली आलेले होते. डॉक्टरीणबाईंनी मुलाचा हात हातात घेऊन शाबासकी दिली. त्या दिवशी तो घरी शीळ घालत आला.

घोटाळा दुसऱ्या दिवशी झाला. मुलाचा एक नेम होता, दारातलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही. दुकान बंद करताना एक म्हातारी धावत आली, आणि त्यानं घरासाठी काढून ठेवलेला वाटा तिला देऊन टाकला. घरी येऊन पिशवी उघडली तेव्हा त्याला ते आठवलं. बायकोनं मसूर आणि अळंबी केव्हाच परतून ठेवली होती आणि वस्ताद पानावर बसले होते. मटणवाल्याच्या घरात मटणाचा कण नव्हता.

"वाढ तसंच," तो बायकोला हळूच म्हणाला. "आज पकडणार आपल्याला. सगळं कबूल करून टाकतो."

त्यानं मनात शब्दही जुळवले. बाबा, तुमच्या जिवासाठी केलं, ताट फेकायचं तर फेका.

वस्तादांनी घास घेतला. डोळे मिटून सावकाश चावला.

"खांद्याचं आहे," ते म्हणाले.

बायकोच्या हातातला चमचा तसाच राहिला. मुलाला वाटलं, थट्टा करताहेत. त्यानं वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, समाधान होतं.

"नीट बघा ना, बाबा," तो म्हणाला. "खांद्याचं की मांडीचं?"

वस्तादांनी दुसरा घास घेतला. "खांद्याचं. मला शिकवतोस काय?"

मुलाला कळून चुकलं. म्हणजे इतके दिवस आपण यांना फसवलंच नव्हतं. फसवायला ती जीभच उरली नव्हती, ती कधी गेली हे घरात कुणाला कळलं नाही आणि त्यांना स्वतःलाही नाही. खरं सांगावं तर हा माणूस आज, याच पानावर, वस्ताद राहणार नाही. न सांगावं तर रोज हेच वाढायचं आणि रोज हेच ऐकायचं. त्याला आतून ओरडावंसं वाटलं की बाबा, पकडा मला, ताट भिरकावा.

"कापलं कुणी?" वस्तादांनी विचारलं.

"मीच."

पस्तीस वर्षं तो त्यांच्या डोळ्यांदेखत सुरा चालवत होता. हात जड आहे, सुरा तिरका जातो, याखेरीज दुसरं काही त्यानं त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"आता हात बसला तुझा," वस्ताद म्हणाले. "असं मलाही जमलं नसतं."

"हो, बाबा," तो म्हणाला आणि त्यानं त्यांच्या पानात आणखी दोन चमचे मसूर वाढली.