मशेरीची डबी

बायजा आणि तुळसा जुळ्या बहिणी. तोंडवळा एक, आवाज एक. ठाकुर्लीच्या एकाच घरी सख्ख्या भावांना दिलेल्या. कासार एकीचाच हात दाबून बघायचा नि दोघींना त्याच मापाच्या बांगड्या द्यायचा. चौऱ्याण्णव साली दोघींच्या दिराच्या लेकाच्या लग्नात मात्र बायजाची बांगडी सुजलेल्या पेरांवर अडली आणि फुटली. 'वाढली' म्हणून बायकांनी सावरून घेतलं, पण व्हायचा तो तमाशा झालाच.

संधिवात! सकाळी मूठ वळेना, वेणी घालता येईना. मग तुळसा यायची, बायजाची वेणी घालायची आणि परत जाऊन आपल्या चुलीपाशी धपाधप भाकऱ्या थापायची. तो आवाज ऐकला की बायजाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. एका पोटात वाढलो, मग देवाला मी एकटीच बरी सापडले? वेणी घालणारे ते धडधाकट हात तिला डोळ्यांसमोर नकोसे व्हायचे.

ठाण्याच्या डॉक्टर शुभदाबाईंनी दोघींचं रक्त तपासलं. तुळसा औषधं आणायला गेली तेव्हा त्यांनी बायजाला समजावलं, की दोघींची जनुकं सारखीच, पण जनुकांना चालू-बंद करणारी बटणं असतात. बायजाची काही भलतीच चालू झाली असावीत. कशानं, ते नक्की ठाऊक नाही. पण तंबाखूचा संशय येतो, तेव्हा दात घासायची मशेरी आजच बंद करावी, आणि बहिणीलाही तिच्या वाटेला जाऊ देऊ नये.

बायजानं मशेरी सोडली, डबी कोनाड्यात तशीच राहिली. बहिणीला मात्र अवाक्षर सांगितलं नाही.

महिन्याभरात तुळसाची दाढ ठणकायला लागली. जन्मात मशेरीला न शिवलेली ती, पण डबी मागायला आली आणि बायजानं मुकाट्यानं दिली. ठणका थांबला, सवय राहिली. तुळसा रोज यायची, वेणी घालायची, चिमूटभर मशेरी घ्यायची. आणि बायजा रोज तिची बोटं निरखायची. हो, वाटच बघायची मेली!

वर्ष उलटलं. एका सकाळी शेजारून भाकरीचा आवाज आला नाही. खरं सांगायचं तर बायजाला आधी बरंच वाटलं.

मग तुळसा आली. तिच्या हातातून फणी दोनदा खाली पडली.

"माजी बोटां मिटत नाय गो," ती म्हणाली. "आता तुजी वेनी कोन घालंल?"

फणी तशीच टाकून तुळसानं सवयीनं कोनाड्यातल्या डबीकडे हात नेला. बायजानं ती आधी ओढून पोटाशी धरली.

"नको," ती म्हणाली.

तुळसा बघतच राहिली. "का गो?"