सदाफुलीचा रस

चूक माझीच होती, हे आधीच सांगते.

अनुश्रीला, माझ्या सहा वर्षांच्या मुलीला, रक्ताचा कॅन्सर असल्याचं कळलं तेव्हापासून सासूबाई इंजेक्शनाच्या नावानंच धास्तावायच्या. "पोट्टीच्या नसेत जहर टाकून राहिले हे लोक," असं येताजाता म्हणायच्या, तेही अनूसमोर. एकदा मी वैतागून त्यांना बाल्कनीत नेलं आणि सदाफुलीची कुंडी दाखवली. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलंय, त्याचा एवढा तरी उपयोग.

"आई, महिन्याला ते इंजेक्शन देतात ना, त्यातलं औषध ह्याच झाडापासून निघतं."

"ह्या? आपल्या?"

"हो, ह्याच."

कटकट थांबली. एका कुंडीच्या तीन झाल्या. एरवी मी अनूच्या ताटातला शितन् शित तपासणारी बाई, पण घर शांत झालं एवढ्यानंच खूश होऊन बसले.

मंगळवारी सकाळी कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेले, तर तिन्ही कुंड्यांत नुसत्या काड्या. शेंड्याला फुलं होती, पानं नव्हती. चौथ्या मजल्यावर बकरी तर येत नाही. तशीच स्वयंपाकघरात गेले. मिक्सरच्या पात्याखाली हिरवा चोथा चिकटला होता. वास घेतला. कोथिंबीर नव्हती.

अकराला अनूचं इंजेक्शन होतं. आदल्या दिवशी रक्त दिलं होतं, रिपोर्ट दवाखान्यातच मिळणार होता. मागच्या खेपेला पांढऱ्या पेशी इतक्या कमी झाल्या होत्या की इंजेक्शन दोन आठवडे पुढे ढकलावं लागलं. सर्दीमुळे असेल, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. सर्दीमुळेच होतं का?

सासूबाई पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"आई, पानं कुठं गेली?"

"कोनती पानं?"

"अनूला पाजलीत?"

"तू मले चोरासारखं काहून इचारून राहिली?"

मी सरळ अनूकडे वळले. ती दप्तरात रंगपेटी भरत होती, दवाखान्यात न्यायला. "अनू, आजीनं तुला काही हिरवं प्यायला दिलं?"

"नहीं तो. आजी खुद पीती है. फिर मुँह ऐसा करती है." इथल्या शाळेमुळे तिच्या तोंडी हिंदीच. आणि तिनं असं काही तोंड वाकडं करून दाखवलं की दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसले असते.

"मंग?" सासूबाई उसळल्या. "पोट्टीले डायरेक पाजू काय? आपल्या घरात लेकराले नवं काई द्याचं त आधी मोठ्यानं खाऊन पाहाचं. माह्या बुद्धभूषणले पयलं अंडं चारलं तवा दोन दिवस आधी म्या खाल्लं होतं. पाच दिवस पिऊन पाहतो म्हटलं, मंग तिले एक चमचा."

"आज कितवा दिवस?"

"पाचवा."

"आणि तुम्हाला काही झालं नाही?"

"तसं काई नाई. चक्कर येऊन राहिली. हात कापते जरासा."

माझ्या मुलीच्या पोटात काही गेलं नव्हतं. तेवढं एक वाक्य मनात तीनदा म्हणून घेतलं आणि मग शुगरचं मशीन काढलं, कारण सासूबाई शुगरच्या गोळ्या घेतात आणि सदाफुलीच्या पाल्यानं शुगर उतरते हे मला, एम.एस्सी. बाईला, ठाऊक होतं. त्यांचं बोट टोचलं. एकसष्ट. ग्लासभर पाण्यात चार चमचे साखर ढवळून प्यायला लावली. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं. अठ्ठ्याण्णव.

"आता उठा. तुम्हीपण चला दवाखान्यात."

"मले काय झालं?" म्हणत का होईना, ऑटोत बसल्या.

डॉक्टर निवेदितांनी आधी अनूचा रिपोर्ट वाचला. त्या वाचत असताना मी त्यांच्या भुवया बघत होते. "बढ़िया. काउंट एकदम ठीक हैं. आज इंजेक्शन लगेगा." मग मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"माताजी, ढेर सारे पत्तों में से चुटकी भर दवा निकलती है, साफ करके, नाप के. वो भी सिर्फ नस में जाती है. बाकी पत्ते में क्या-क्या है, पता है? बच्ची पी लेती तो?"

सासूबाईंनी हळूच अनूला जवळ ओढलं.

"आपको ये बताया किसने?"

"टीव्ही पे देखा," सासूबाई पटकन म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मी सांगितलं," मी म्हणाले. "आणि अर्धंच सांगितलं."

डॉक्टरांनी सासूबाईंचंही रक्त तपासायला लिहून दिलं. "सुई से डर तो नहीं लगता ना, माताजी?"

"लगता है," सासूबाई म्हणाल्या. अनूनं लगेच आपला अनुभवी हात पुढे केला. "आजी, उधर देखने का. गिनती बोलने का."

दोघींच्या सुया झाल्यावर मी बाहेर येऊन नवऱ्याला, बुद्धभूषणला, फोन लावला. तो भिलाईला ड्युटीवर होता. "काउंट छान आहेत. इंजेक्शन झालं. आईंची शुगरपण आता बरोबर आहे."

"आईची शुगर? आईले काय झालं?"

मागून हात आला आणि फोन माझ्या कानावरून निघून गेला. "काई नाई रे, तू आपली ड्युटी कर," सासूबाई म्हणाल्या, आणि फोन बंद करून माझ्या हातात देत हळूच, "त्याले नोको सांगू वं. रागवते तो."

"सांगणार," मी म्हणाले, आणि मला इतकं हसू फुटलं की पलीकडच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली.