सगळ्यांना दिसलेले पत्ते

गोळ्या देणाऱ्या संस्थेनं मेल पाठवला, "एचआयव्हीची औषधं घेणाऱ्या सर्वांची बैठक शनिवारी आहे." आणि वर तीस-चाळीस जणांचे पत्ते, सगळ्यांना दिसतील असे उघडे! अहो, पत्ते झाकून पाठवायची सोय असते मेलमध्ये, जरा वेगळ्या रकान्यात टाकायचे, झालं. पण तेवढं भान ठेवतो कोण?

बाकीच्यांनी टोपणनावांचे पत्ते दिले होते. पंचवटीतल्या गंगाधर गुरुजींनी मात्र यजमानांना वाटायच्या कार्डावरचाच दिलेला, नावागावासकट. हे बाहेर फुटलं तर त्यांच्या हातचा प्रसाददेखील कुणी घेणार नव्हतं. मग खाली आणखी एक ओळखीचा पत्ता दिसला. ललितचा! याच पत्त्यावरून त्याची पत्रिका आली होती. गुरुजींनी स्वतः जुळवलेली, छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण. त्यांची आईवेगळी, एकुलती लेक यशश्री पुढच्या महिन्यात त्याच्या घरी नांदायला जायची होती.

फोन ललितचाच आला.

"काका, मेल बघितला ना?"

"बघितला. लग्न मोड म्हणत नाही मी. औषधं घेऊन संसार होतात माणसांचे. पण तिला आधी सांग."

"तुम्ही तुमचं सांगितलंय तिला?"

गुरुजींनी खोलीचं दार लोटून घेतलं.

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची," ललित म्हणाला. "तुम्ही गप्प, मी गप्प."

"मेल्या, माझ्या पोरीच्या जिवाशी खेळतोस?" असं ओरडायचं होतं त्यांना. पण कुठल्या तोंडानं ओरडणार? अन्न गोड लागेना, रोजच्या संध्येतले मंत्र चुकायला लागले. लेकीपुढे मान खाली जाणार, ही लाज त्यांना मरणाहून वाईट वाटत होती. आणि ती बिचारी खुशीत साड्यांना फॉल लावत बसलेली. ते काही त्यांना बघवेना. शेवटी मेल उघडून त्यांनी फोन तिच्या हातात दिला.

"वाच बाळा. यात ललित आहे. त्यानं तुला सांगायला हवं होतं."

यशश्रीनं वरची ओळ वाचली. मग पत्ते वाचायला लागली नि सुरुवातीलाच थांबली. तिथं बापाचं नाव होतं. ललितपर्यंत ती पोचलीच नाही.

"बाबा," ती म्हणाली, "आई खरंच नुसत्या टीबीनं गेली होती ना?"